जर्मन कर्तन हत्यारांच्या संज्ञांचे इंग्रजी भाषांतर

जर्मन कर्तन हत्यारांच्या संज्ञांचे इंग्रजी भाषांतर ही तांत्रिक भाषांतराची एक विशेष शाखा आहे. लेथ, मिलिंग, ड्रिलिंग, ब्रोचिंग, गिअरचे दाते पाडणे इत्यादी यंत्रकामांत धातू कापणाऱ्या हत्यारांची नावे, त्या हत्यारांच्या भागांची व कोनांची नावे, हत्यारे ज्या पदार्थांपासून बनतात त्यांची नावे आणि कर्तनाच्या क्रियेतील मोजमापांच्या संज्ञा यांचा तीत समावेश होतो. यांत्रिक हत्यारे बनविणाऱ्या जगातील प्रमुख देशांत जर्मनीची गणना होते. तेथील कारखान्यांचे तपशीलपट, मानके व चालनपुस्तिका जगभर मुख्यतः इंग्रजी भाषांतरातून वाचल्या जातात.

या भाषांतरातील चूक कागदावरच राहत नाही. एका शब्दाच्या चुकीमुळे कारखान्यात भलतेच हत्यार मागविले जाते, आटे अपुरे पडतात, हत्यार मोडते, जॉब वाया जातो किंवा यंत्रावर काम करणाऱ्यास इजा होऊ शकते. जर्मन व इंग्रजी या एकाच भाषाकुळातील भगिनी असल्या, तरी दोन्हींकडील कारागिरांनी हत्यारांना नावे देताना निरनिराळ्या गुणांकडे पाहिले. त्यामुळे शब्दाच्या घटकांचे भाषांतर करून योग्य संज्ञा क्वचितच मिळते. प्रथम वस्तू ओळखणे आणि मग त्या वस्तूचे इंग्रजी कारखान्यांतील रूढ नाव शोधणे, हा या शाखेचा मूलभूत नियम मानला जातो.

== संज्ञांची घडण ==

जर्मन भाषेत दोन किंवा अधिक नामे जोडून सामासिक नाम सहज तयार होते. संस्कृत व मराठीतील तत्पुरुष समासाप्रमाणे त्यातील शेवटचे पद प्रधान असते. 'शाफ्टफ्रेझर' या शब्दात 'फ्रेझर' म्हणजे मिलिंग कटर हे प्रधान पद असून 'शाफ्ट' म्हणजे हत्याराचा दांडा होय. दांडा असलेला मिलिंग कटर, असा त्याचा अर्थ झाला. याच हत्याराला इंग्रजीत 'एंड मिल' म्हणतात, कारण ते आपल्या टोकाकडील धारेनेही कापते. हत्यार एकच आहे; जर्मन कारागिराने ते कसे पकडले जाते हे पाहिले, तर इंग्रजी कारागिराने ते कोठे कापते हे पाहिले.

असाच दृष्टिभेद इतर अनेक नावांत दिसतो. भोक अचूक मापाचे व गुळगुळीत करणाऱ्या रीमरला जर्मन भाषेत 'राइबआले' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'घासणारी आरी' असा होतो. ब्रोचचे जर्मन नाव 'रॉयमनाडेल', म्हणजे 'मोकळे करणारी सुई'. आटे पाडणाऱ्या टॅपला 'गेविंडेबोरर' म्हणजे 'आट्यांचे ड्रिल' म्हणतात. खोल भोके पाडणाऱ्या एका ओठाच्या ड्रिलला जर्मन भाषेत त्याच्या आकारावरून 'आइनलिपेनबोरर' असे नाव आहे; इंग्रजीत मात्र बंदुकीच्या नळ्या पोखरण्याच्या त्याच्या मूळ उपयोगावरून ते 'गन ड्रिल' झाले.

जर्मन संज्ञाव्यवस्थेमागे वर्गीकरणाची चौकट आहे. डीआयएन ८५८० या मानकात सर्व उत्पादनप्रक्रिया सहा मुख्य गटांत विभागल्या आहेत. त्यांपैकी तिसरा गट 'ट्रेनेन' म्हणजे विलग करणे हा असून, धातूचा कीस काढून आकार देण्याची क्रिया, 'श्पानेन', ही त्यातच येते. 'श्पान' म्हणजे कीस. कारखान्याच्या भाषेत चिप. कीस न काढता कातरीप्रमाणे कापण्यासाठी 'श्नाइडेन' हे वेगळे क्रियापद याच वर्गीकरणात येते. इंग्रजीतील 'कटिंग' हा शब्द मात्र दोन्ही क्रियांना लागतो. त्यामुळे 'श्निटवेर्कत्सॉयग' या शब्दाचे 'कटिंग टूल' असे भाषांतर बरोबर वाटते; प्रत्यक्षात हा शब्द पत्रा छाटणाऱ्या डायसाठी वापरला जातो आणि इंग्रजीत त्याला 'ब्लँकिंग डाय' म्हणावे लागते.

== इतिहास ==

एकोणिसाव्या शतकात यंत्रविद्येचे नेतृत्व ब्रिटन व अमेरिकेकडे होते. त्यामुळे त्या काळात शब्दांचा प्रवाह पुष्कळदा जर्मन भाषेच्या दिशेने वाहत होता. 'होनेन' व 'लेपेन' ही जर्मन क्रियापदे इंग्रजी 'होनिंग' व 'लॅपिंग' यांवरून आली. 'फ्रेझेन' हे मिलिंगचे नाव फ्रेंच भाषेतून आले. स्टीफन मोर्स या अमेरिकन संशोधकाने १८६३ मध्ये ट्विस्ट ड्रिलचे पेटंट घेतले. त्याच्या नावाचा निमुळता दांडा जर्मन भाषेत 'मोर्सकेगेल' म्हणून रूढ झाला.

उलट दिशेने भाषांतर करण्याची गरज वाढू लागली तेव्हा शब्दकोशांचे प्रयत्न सुरू झाले. १९०६ मध्ये डाइनहार्ट व श्लोमान यांच्या सचित्र तांत्रिक शब्दकोशमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. यंत्रांचे भाग आणि धातुकाम व लाकूडकामाची हत्यारे हा त्याचा विषय होता. जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, इटालियन व स्पॅनिश अशा सहा भाषांतील संज्ञा त्यात विषयवार मांडल्या होत्या आणि लांबलचक व्याख्यांऐवजी रेखाचित्रे दिली होती. चित्रामुळे वाचक शब्दाआधी वस्तूपर्यंत पोहोचतो, हे या मालेचे वैशिष्ट्य होय.

१९१७ मध्ये जर्मन मानकसंस्थेची स्थापना झाली. पुढे ती डीआयएन या आद्याक्षरांनी ओळखली जाऊ लागली. तिच्या मानकांमुळे हत्यारांची जर्मन नावे स्थिर झाली व प्रत्येक नावाला क्रमांकाचा आधार मिळाला.

संज्ञांच्या अभ्यासाला शास्त्राचे रूप देणारे ऑयगेन व्यूस्टर (१८९८–१९७७) हे ऑस्ट्रियन अभियंता स्वतः हत्यारांच्या व्यवसायातील होते; व्हीजेलबुर्ग येथे त्यांच्या कुटुंबाचा करवतींचा कारखाना होता. १९३१ मध्ये तांत्रिक भाषेच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरणावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६८ मध्ये त्यांचा यांत्रिक हत्यारांचा बहुभाषिक कोश प्रकाशित झाला. इंग्रजी व फ्रेंच भाषांतील या कोशाला जर्मन पुरवणी होती. शब्दापासून सुरुवात न करता संकल्पनेपासून करावी, तिची व्याख्या व आकृती द्यावी आणि मग प्रत्येक भाषेतील नाव नोंदवावे, ही त्यांची रीत पुढे संज्ञाशास्त्राचा पाया ठरली.

१९५१ मध्ये स्थापन झालेल्या सीआयआरपी या उत्पादन अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही जर्मन, इंग्रजी व फ्रेंच संज्ञांचे कोश तयार केले. १९८२ च्या आयएसओ ३००२ या मानकाच्या पहिल्या भागात कर्तन हत्याराच्या भूमितीच्या संज्ञा निश्चित करण्यात आल्या.

== फसवे शब्द ==

=== रूपसाम्य ===

दोन्ही भाषांत सारखे दिसणारे परंतु अर्थाने भिन्न असलेले शब्द नवख्या भाषांतरकाराला हमखास फसवितात. जर्मन 'नूट' हा शब्द रोमन लिपीत इंग्रजी 'नट' सारखाच लिहिला जातो. मात्र त्याचा अर्थ खाच किंवा चर असा आहे. बोल्टवर बसणाऱ्या नटाला जर्मन भाषेत 'मुटर' म्हणतात. खाचा असलेल्या नटाचे नाव 'नूटमुटर' असल्याने गोंधळ आणखी वाढतो. ड्रिलच्या अंगावरील नागमोडी खाच हीसुद्धा 'नूट'च असते. इंग्रजीत तिला 'फ्लूट' म्हणतात.

'शाफ्ट' या जर्मन शब्दाचा उच्चार इंग्रजी 'शाफ्ट'सारखाच आहे. परंतु हत्याराच्या संदर्भात त्याचे इंग्रजी 'शँक' असे होते. फिरणाऱ्या दंडासाठी जर्मन शब्द 'वेले' हा आहे.

=== शब्दशः अर्थ ===

काही शब्द सामान्य शब्दकोशात भलतीकडे नेतात. ड्रिलच्या दोन खाचांमधील गाभ्याला जुन्या जर्मन कारागिरांनी 'झेले' म्हटले. 'झेले' म्हणजे आत्मा. इंग्रजीत या गाभ्याला 'वेब' म्हणतात. 'श्लिश्टेन' या क्रियापदाचा व्यवहारातील एक अर्थ भांडण मिटविणे असा आहे; यंत्रकामात मात्र त्याचा अर्थ शेवटचा हलका काप घेऊन पृष्ठभाग साफ करणे, म्हणजे 'फिनिशिंग' असा होतो. लेथच्या हत्याराला 'ड्रेमाइसल' म्हणतात. 'माइसल' म्हणजे छिन्नी. परंतु इंग्रजीत 'टर्निंग चिझल' म्हटल्यास लाकूड कातणाऱ्याची पटाशी डोळ्यांसमोर येते. योग्य इंग्रजी संज्ञा 'टर्निंग टूल' अशी आहे.

'श्टांडत्साइट' या शब्दाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. त्याचे घटक 'उभे राहणे' व 'वेळ' असे असल्याने यंत्र थांबून राहिल्याचा वेळ, असा समज होतो. वस्तुतः हत्याराची धार जितका वेळ काम देते त्या काळाला 'श्टांडत्साइट' म्हणतात. इंग्रजीत 'टूल लाइफ'. यंत्र बंद पडल्याच्या काळासाठी 'श्टिलश्टांड्सत्साइट' हा वेगळा शब्द आहे. दोहोंची अदलाबदल झाल्यास हत्यार दीर्घकाळ टिकते असे सांगणारे वाक्य यंत्र दीर्घकाळ बंद राहते असे सांगू लागते.

=== एका अक्षराचे अंतर ===

'श्पानेन' म्हणजे कीस काढणे आणि 'श्पन्नेन' म्हणजे आवळून पकडणे. रोमन लिपीत त्यांच्यात एका 'एन' या अक्षराचाच फरक आहे. पहिल्यावरून कीस ज्या पृष्ठावरून सरकतो त्या पृष्ठाचे नाव तयार होते, तर दुसऱ्यावरून जॉब पकडण्याच्या पृष्ठाचे. छपाईतील एक अक्षर सुटले, तरी अर्थ बदलतो.

कीस वाहून नेणारी ड्रिलची खाच ही 'श्पान' व 'नूट' मिळून झालेली संज्ञा, तर पकडसाधन बसविण्याची खाच ही 'श्पन्न' व 'नूट' मिळून झालेली. जुन्या जर्मन लेखननियमानुसार तीन सारखी व्यंजने एकत्र आली व पुढे स्वर असला, तर त्यांतील एक गाळले जाई. त्यामुळे दोन्ही शब्द एकसारखेच लिहिले जात. १९९६ च्या लेखनसुधारणेनंतर तिन्ही व्यंजने लिहिली जाऊ लागली व हा संदेह दूर झाला. जुनी पुस्तिका भाषांतरित करताना मात्र आकृती पाहूनच अर्थ ठरवावा लागतो.

=== एकास अनेक ===

जर्मन 'बोरेन' या एका क्रियापदास इंग्रजीत दोन क्रिया मिळतात. सलग धातूत नवे भोक पाडणे म्हणजे 'ड्रिलिंग' आणि असलेले भोक एका धारेच्या हत्याराने मोठे व अचूक करणे म्हणजे 'बोरिंग'. 'बोरमाशिने' हे ड्रिलिंग यंत्र असते, तर 'बोरश्टांगे' हा बोरिंग बार असतो. जर्मन 'केर्नबोरर' म्हणजे मधला गाभा शाबूत ठेवून वर्तुळाकार काप घेणारे हत्यार. त्याचे शब्दशः भाषांतर 'कोअर ड्रिल' असे होते, परंतु इंग्रजी यंत्रशाळेत 'कोअर ड्रिल' हे नाव ओतकामात आधीच राहिलेले भोक मोठे करणाऱ्या हत्याराला दिले जाते. त्याचे जर्मन नाव 'आउफबोरर' आहे.

याच्या उलट इंग्रजी 'स्पीड' या शब्दासाठी जर्मन भाषेत दोन संज्ञा आहेत. 'श्निटगेश्विंडिशकाइट' म्हणजे धारेची जॉबच्या संदर्भातील गती, जी मीटर प्रति मिनिटात मोजतात. 'ड्रेत्साल' म्हणजे एका मिनिटातील फेऱ्यांची संख्या. इंग्रजीत नुसते 'स्पीड' लिहिल्यास कोणती राशी अभिप्रेत आहे ते कळत नाही. म्हणून 'कटिंग स्पीड' व 'स्पिंडल स्पीड' असा भेद स्पष्ट करावा लागतो.

== कोनांच्या संज्ञा ==

कर्तन हत्याराची धार ही मुळात एक पाचर असते. जर्मन पद्धतीत तिचे तीन मुख्य कोन मानतात: 'फ्रायविंकेल' (चिन्ह आल्फा), 'कायलविंकेल' (चिन्ह बीटा) व 'श्पानविंकेल' (चिन्ह गॅमा). इंग्रजीत त्यांना अनुक्रमे 'क्लिअरन्स अँगल', 'वेज अँगल' व 'रेक अँगल' म्हणतात. या तिन्हींची बेरीज ९० अंश असते. उदाहरणार्थ, ६, ७२ व १२ अंश.

येथे भाषांतरकाराला शब्दांबरोबर चिन्हेही तपासावी लागतात. अनेक अमेरिकन पाठ्यपुस्तकांत आल्फा हे चिन्ह रेक कोनासाठी वापरले जाते, तर जर्मन ग्रंथांत ते क्लिअरन्स कोनासाठी असते. आयएसओ ३००२ मध्ये जर्मन वापराशी जुळणारी चिन्हे आहेत. चिन्ह तसेच ठेवून आजूबाजूचा मजकूर अमेरिकन परिभाषेत नेला, तर वाचक भलताच कोन घासून ठेवील.

दुसरी अडचण 'आइनश्टेलविंकेल' या कोनाची. मुख्य धार व फीडची दिशा यांमधील या कोनाचे चिन्ह कप्पा असून इंग्रजीत त्याला 'एंटरिंग अँगल' म्हणतात. अमेरिकन कारखान्यांत मात्र 'लीड अँगल' सांगण्याची प्रथा आहे आणि तो ९० अंशांतून कप्पा वजा करून मिळतो. म्हणजे जर्मन तपशीलपटातील ७५ अंश हे अमेरिकन वाचकासाठी १५ अंश होतात. येथे शब्दाबरोबर आकडाही बदलावा लागतो. ४५ अंशांच्या हत्यारात दोन्ही आकडे समान असल्यामुळे ही चूक कित्येकदा लक्षात येत नाही.

या फरकाचा परिणाम प्रत्यक्ष कामावर होतो. सरळ धारेच्या हत्याराने निघणाऱ्या किसाची जाडी फीड व कप्पा कोनाची साइन यांच्या गुणाकाराइतकी असते. दर फेरीस ०.३ मिलिमीटर फीड असेल, तर ७५ अंशांना ही जाडी सुमारे ०.२९ मिलिमीटर येते, परंतु १५ अंशांना ती सुमारे ०.०८ मिलिमीटरच भरते. कोनाचा अर्थ चुकल्यास जाडीचा अंदाज साडेतीन पटींहून अधिक चुकतो.

अमेरिकेतील जुन्या पद्धतीत रेक कोन यंत्राच्या लांबी व रुंदीच्या दिशांना अनुसरून 'बॅक रेक' व 'साइड रेक' असा दोन भागांत सांगितला जाई. जर्मन पद्धतीत तो मुख्य धारेशी काटकोनात असलेल्या प्रतलात मोजतात. म्हणून एका पद्धतीतील आकडा गणिताने रूपांतर केल्यावाचून दुसऱ्या पद्धतीत लिहिता येत नाही.

== मिलिंगची दिशा ==

मिलिंगमध्ये कटरचा दाता ज्या दिशेने कापतो तीच जॉबच्या फीडची दिशा असेल, तर जर्मन भाषेत त्याला 'ग्लाइशलाउफ' म्हणजे सम-गती म्हणतात. दिशा विरुद्ध असल्यास 'गेगेनलाउफ' म्हणजे प्रति-गती. इंग्रजीत पहिल्यास 'क्लाइंब मिलिंग' किंवा 'डाउन मिलिंग' आणि दुसऱ्यास 'कन्व्हेन्शनल मिलिंग' किंवा 'अप मिलिंग' म्हणतात. 'ग्लाइशलाउफ' हा शब्द इतर यंत्रविषयांत दोन दंडांच्या समकालिक फिरण्यासाठीही वापरला जातो. त्यामुळे 'सिंक्रोनस मिलिंग' असे निरर्थक भाषांतर होण्याचा संभव असतो.

या जोडीतील अदलाबदल धोकादायक असते. क्लाइंब मिलिंगमध्ये कटर जॉबला आपल्याकडे ओढतो. यंत्राच्या फीड स्क्रूमध्ये ढिलेपणा असल्यास टेबल एकदम पुढे खेचले जाते, दाते मोडतात व जॉब पकडीतून निसटू शकतो. असा ढिलेपणा असलेल्या जुन्या यंत्रावर ही पद्धत वापरू नये, अशी सूचना पुस्तिकेत असते. भाषांतरात संज्ञा उलटली की नेमकी तीच पद्धत सुरक्षित असल्याचे छापले जाते.

== ब्रिटिश व अमेरिकन भेद ==

इंग्रजी ही एकच भाषा समजून भाषांतर केल्यास नवी अडचण उद्भवते. हाताने आटे पाडण्याच्या तीन टॅपच्या संचाला ब्रिटनमध्ये अनुक्रमे 'टेपर', 'सेकंड' व 'प्लग' म्हणतात, तर अमेरिकेत 'टेपर', 'प्लग' व 'बॉटमिंग'. म्हणजे 'प्लग टॅप' हा ब्रिटनमध्ये तिसरा, तर अमेरिकेत दुसरा टॅप होय.

जर्मन संचातील 'फोरश्नाइडर', 'मिटेलश्नाइडर' व 'फेर्टिशश्नाइडर' ही नावे या त्रयींसमोर मांडण्याचा मोह होतो. पण येथे वस्तूच वेगळी आहे. अमेरिकन संचातील तिन्ही टॅप पूर्ण व्यासाचे असतात व त्यांच्या तोंडाचा उतारच काय तो निराळा असतो. डीआयएन ३५२ च्या संचातील पहिले दोन टॅप व्यासाने कमी असून पूर्ण आटा तिसऱ्या टॅपनेच तयार होतो. अशा टॅपना इंग्रजीत 'सीरियल टॅप' म्हणतात. हा खुलासा न केल्यास कारागीर पहिल्या टॅपवरच थांबेल आणि अपुऱ्या आट्यांत बोल्ट बसणार नाही.

ड्रिलच्या लांबीचेही असेच आहे. डीआयएन ३३८ मध्ये ज्याला 'आखूड' म्हटले आहे, त्या सरळ दांड्याच्या ट्विस्ट ड्रिलला इंग्रजीत 'जॉबर' लांबीचे ड्रिल म्हणतात. डीआयएन १८९७ मधील 'अतिआखूड' ड्रिलचे इंग्रजी नाव 'स्टब ड्रिल' असे आहे. 'आखूड' या विशेषणाचे 'शॉर्ट' असे सरळ भाषांतर केले, तर ग्राहकाला स्टब ड्रिल हवे आहे असा विक्रेत्याचा समज होऊ शकतो.

== हत्यारांचे पदार्थ ==

ज्या पदार्थापासून हत्यार बनते त्यास जर्मन भाषेत 'श्नाइडश्टोफ' म्हणजे कापणारा पदार्थ म्हणतात. त्याचे 'कटिंग मटेरियल' असे भाषांतर केल्यास कापला जाणारा पदार्थ असाही अर्थ निघू शकतो. त्यामुळे 'टूल मटेरियल' हे अधिक निःसंदिग्ध ठरते.

'हार्टमेटाल' म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टसारख्या धातूने सांधून केलेला पदार्थ. अमेरिकन इंग्रजीत त्यास 'सिमेंटेड कार्बाइड' किंवा नुसते 'कार्बाइड' म्हणतात. ब्रिटिश इंग्रजीत जर्मन शब्दाप्रमाणेच 'हार्डमेटल' असा जोडशब्दही चालतो. तो तोडून लिहिल्यास कोणताही कठीण धातू असा अर्थ होतो. ओस्राम कंपनीतील कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये या पदार्थाच्या पेटंटसाठी अर्ज केला. एसेन येथील क्रुप कंपनीने १९२६ पासून तो 'विडिया' या नावाने बाजारात आणला. 'हिऱ्यासारखे' अशा अर्थाच्या 'वी डियामांट' या जर्मन शब्दांवरून हे नाव तयार झाले.

हाय स्पीड स्टीलची आद्याक्षरे एचएसएस दोन्ही भाषांत सारखीच आहेत, जरी जर्मन भाषेतील त्यांचे पूर्ण रूप वेगळे आहे. या पोलादाचे प्रकार सांगताना मात्र नामपद्धती बदलते. ज्या पोलादाला युरोपीय मानकात एचएस ६-५-२ म्हणतात व ज्याचा जर्मन पदार्थक्रमांक १.३३४३ आहे, ते अमेरिकेत एम २ म्हणून ओळखले जाते. युरोपीय नावातील आकडे टंगस्टन, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांचे अंदाजे शेकडा प्रमाण दर्शवितात.

== न बदलणारी अक्षरे आणि बदलणारे आकडे ==

काही जर्मन आद्याक्षरे इंग्रजीत तशीच स्थिरावली आहेत. हत्याराच्या बाजूवर पडणाऱ्या झिजेच्या पट्ट्याची रुंदी इंग्रजी ग्रंथांतही व्हीबी या अक्षरांनी दाखवितात. ती 'फेरश्लाइसमार्केनब्राइटे' या जर्मन शब्दावरून आली आहेत. झिजेने पडलेल्या खळग्याच्या खोलीसाठी असलेले केटी हे 'कोल्कटीफे' वरून आले. वेगवान यंत्रांवरील पोकळ निमुळत्या दांड्याचे एचएसके हे नावही 'होलशाफ्टकेगेल' याचे संक्षिप्त रूप आहे. ड्रिल व मिलिंग कटरवरील एन, एच व डब्ल्यू ही प्रकारदर्शक अक्षरे सर्वसामान्य, कठीण व मऊ पदार्थ दर्शवितात. त्यांतील डब्ल्यू हे मऊ या अर्थाच्या 'वाइश' शब्दाचे आद्याक्षर आहे. अशी अक्षरे बदलल्यास मानकाशी असलेला दुवा तुटतो.

आकड्यांचे लेखन मात्र बदलावेच लागते. जर्मन भाषेत दशांशासाठी स्वल्पविराम व हजाराच्या स्थानी टिंब वापरतात. यंत्राची गती मिनिटास १.५०० फेरे अशी जर्मन पद्धतीने लिहिली असेल, तर ती पंधराशे फेरे असते. हे टिंब तसेच राहिल्यास इंग्रजी वाचक तिला दीड फेरा समजेल.

== भाषांतराची पद्धत ==

अनुभवी भाषांतरकार प्रथम आकृती, मानकाचा क्रमांक व चिन्हे पाहून वस्तू निश्चित करतात. त्यानंतर त्याच मानकाची इंग्रजी आवृत्ती आणि इंग्रजी भाषक देशांतील उत्पादकांचे तपशीलपट यांतील रूढ नाव शोधले जाते. वाचक ब्रिटिश आहे की अमेरिकन, हे आरंभीच ठरवितात. एका संज्ञेसाठी संपूर्ण पुस्तिकेत एकच प्रतिशब्द ठेवला जातो. ललित लेखनात शोभणारे शब्दवैविध्य येथे दोष ठरते, कारण नाव बदलले की हत्यार बदलले असे वाचक समजतो.

भाषांतरसेवेसंबंधीच्या आयएसओ १७१०० या २०१५ च्या मानकानुसार मूळ मजकुराशी ताडून पाहण्याचे काम दुसऱ्या व्यक्तीने करणे आवश्यक आहे. कर्तन हत्यारांची माहिती संगणकांमध्ये देवाणघेवाण करण्यासाठी आयएसओ १३३९९ ही मानकमाला २००६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तीत प्रत्येक गुणधर्माला भाषानिरपेक्ष संकेत दिलेला असतो. एंटरिंग अँगल व लीड अँगल यांना वेगवेगळे संकेत असल्यामुळे वर सांगितलेला गोंधळ टळतो. यांत्रिक भाषांतर दीर्घ वाक्यांत उपयुक्त ठरत असले, तरी तपशीलपटातील एक-दोन शब्दांच्या ओळींना संदर्भ नसतो आणि तेथे मानवी तपासणी आवश्यक राहते.

== निवडक संज्ञा ==

* राइबआले – शब्दशः घासणारी आरी. इंग्रजी नाव रीमर. भोक अचूक मापाचे करणे.
* रॉयमनाडेल – मोकळे करणारी सुई, ब्रोच, चढत्या दात्यांनी आतील आकार कापणे.
* गेविंडेबोरर – आट्यांचे ड्रिल, टॅप, भोकात आटे पाडणे.
* शाफ्टफ्रेझर – दांड्याचा कटर, एंड मिल, टोकाने व कडेने कापणे.
* वेल्त्सफ्रेझर – लोळत कापणारा कटर, हॉब, गिअरचे दाते पाडणे.
* वेंडेश्नाइडप्लाटे – फिरवून वापरण्याची कर्तनपट्टी; इंडेक्सेबल इन्सर्ट; एक धार झिजल्यावर दुसरी पुढे आणणे.
* श्पन्नत्सांगे – पकडणारी सांडस, कॉलेट, हत्याराचा दांडा आवळून धरणे.
* श्टांडत्साइट – टिकून राहण्याचा वेळ, टूल लाइफ, धारेचे आयुष्य.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==

महाराष्ट्रातील यंत्रशाळांत हत्यारांची इंग्रजी नावेच रूढ आहेत. लेथ, टॅप, रीमर, कटर हे शब्द औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या रोजच्या वापरातील आहेत. त्यामुळे जर्मन हत्याराची माहिती येथील कारागिरापर्यंत बहुधा इंग्रजी भाषांतराच्या मार्गानेच पोहोचते आणि त्या भाषांतरातील चूकही त्याच्यापर्यंत येते. छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूम या केंद्रीय संस्थेत हत्यारे व डाय बनविण्याचे प्रशिक्षण दिले जाते, तर पुण्यातील मॅक्समुल्लर भवनात जर्मन भाषेचे शिक्षण मिळते.

कार्बाइडच्या हत्याराला येथील कारखान्यांत आजही अनेक जण 'विडिया' म्हणतात. रोमन लिपीत हे नाव ज्या अक्षराने सुरू होते, त्याचा जर्मन उच्चार 'व' असा आहे. मूळ नाव व मूळ उच्चार दोन्ही भाषांतराविना येथे रुजल्याचे हे एक उदाहरण आहे.